उचल

रिंग्ज जमिनीपासून नऊ फुटांवर.
शाणू वेळीप पाच फूट दोन इंच.
मधलं अंतर मी होतो.

कंबरेला दोन्ही हात, गुडघ्यातून जोर, हुप्,
आणि लगेच मागे सरायचो, चटईबाहेर,
जिथं कुणी बघत नाही.
अकरा वर्षं हेच.

कुडचड्याची ती शेड आधी खाण कंपनीची.
कितीही झाडलं तरी चटईवर तांबडी धूळ.
मॅग्नेशियाचा पांढरा हात तिच्यावर टेकला
की गुलाबी ठसा उठायचा.
ते पुसायचं काम माझ्याकडे होतं.
बरेचसे मी राहू दिले.

आग्नेल सर क्रॉसला खुरीस म्हणायचे.
"खुरसाचेर उमकळूं नाका, तूंच खुरीस जा!"
शाणूची आई पहिल्यांदा बघायला आली
ती दारातच थबकली :
पोराचे हात असे पसरलेले,
मानेच्या शिरा काथ्याच्या दोरीसारख्या.
घरी जाऊन तिनं मीठ-मिरच्या ओवाळल्या
आणि वाटेतल्या कपेलापाशी एक मेणबत्तीही लावली.
दृष्ट कुठल्या बाजूनं लागली, काय सांगावं.

बाप बार्जवर, सावर्ड्याहून मुरगावला माती नेणारा.
चामड्याच्या पट्ट्यांसाठी त्यानं मालकाकडून उचल घेतली,
दरमहा पगारातून वळती.
शाणू हे कधी बोलला नाही.
मला ऑफिसातल्या कारकुनानं सांगितलं.

व्हॉल्टवाला धावतो, बारवाला गरगरतो,
लोक टाळ्या वाजवतात, बरोबरच आहे.
हा वर जाऊन थांबतो.
दोन्ही मुठींत एकेक हलती वस्तू
आणि मध्ये हा, न हलणारा.
पट्टा इतकासा थरथरला तरी गुण कापतात.
एक. दोन. पुढे.

पतियाळाहून परतताना वरच्या बर्थवर पडून
मी एकदा हिशेब केला.
एका खेपेला सहा वेळा थांबणं, म्हणजे बारा सेकंद.
आजवर साठ स्पर्धा.
म्हणजे बारा मिनिटं.
पणजीहून सुटलेली फेरीबोट तेवढ्यात
बेतीला लागून परत येते,
स्कूटरी उतरतात, मासळीच्या पाट्या उतरतात,
कुणी म्हणत नाही की फार वेळ गेला.
एक रौप्य, दोन कांस्य, वीज खात्यातली नोकरी,
सगळं त्या बारा मिनिटांत.
खालच्या बर्थवर तो घोरत होता, हात छातीवर,
मुठी अर्धवट मिटलेल्या.

खांदा गेला तो दिवस मोठा नव्हता.
मंगळवार, दुपार, वीज गेलेली.
ओला पंचा फाडावा तसा आवाज,
फक्त मला आला.
तो पडला नाही. बेतानं उतरला,
भिंतीला पाठ लावून बसला, पाणी मागितलं.
रिंग्ज कितीतरी वेळ हलत होत्या.
त्या धरायचं माझ्याच्यानं झालं नाही.

काल, चवथीच्या आदल्या दिवशी,
त्याच्या घरी माटोळी बांधणं चाललं होतं.
कवंडळं, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचं शिपटं.
त्याचा उजवा हात आता खांद्यावर जात नाही.
तो खालून सांगत होता : डावीकडे, अजून, अरे तसं नव्हे.
पोरांना काही जमेना.
मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी साठीच्या पुढचा, तो बेचाळीसचा,
वजन विचारू नका.

कंबरेला दोन्ही हात. गुडघ्यातून जोर.
वर गेल्यावर चौकट त्याच्या छातीशी आली,
हात उंच करायची गरजच पडली नाही.
सुंभ आवळताना
त्याच्या पायांची बोटं आपोआप जुळली, ताणली गेली.
त्याला ठाऊकही नसावं.

"झालं. सोड आता," तो म्हणाला.

मी अजून मोजत होतो.